टेबलावरच्या लढाईला किती शिपाई लागतात?

माझा भाचा अकरावीत आहे. गेल्या दिवाळीत तो फोंड्याला आमच्याकडे राहायला आला, टेबलावर मांडलेली लढाई सलग दोन तास खेळला आणि निघताना म्हणाला, "मामा, मला माझं स्वतःचं सैन्य करायचं झालं तर किती शिपाई लागतील?" मला चटकन आकडा सांगता आला नाही. नव्याने सुरुवात करणारे बहुतेकजण नेमके या प्रश्नापाशी अडतात, आणि त्यातले कितीतरी इथेच पैसे आणि उमेद दोन्ही घालवून बसतात. म्हणून त्याला पुढच्या दोन-तीन भेटींत जे समजावलं ते इथे लिहून काढतो आहे.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी आधी थोडक्यात. टेबलटॉप वॉरगेमिंगमध्ये बुद्धिबळासारखे दोन खेळाडू समोरासमोर असतात, पण पटावर चौकटी नसतात. टेबलावर टेकड्या, झाडं, कुंपणं, घरं मांडायची, शिपायांच्या तुकड्या टेपने इंच मोजून पुढे सरकवायच्या, गोळी लागली की चुकली हे फाशांनी ठरवायचं. शिपाई प्लास्टिकचे, धातूचे नाहीतर रेझिनचे असतात. ते बहुतेकदा सुट्या भागांत आणि रंगाविना येतात. कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आपणच. त्यामुळे "किती घेऊ" असं विचारताना आपण खरं तर "किती रंगवून पुरे करीन" हेच विचारत असतो.

पहिलं उत्तर सगळ्यांना इतिहासातून सुचतं. प्रत्यक्षात जितके होते तितके! मग हिशेब करून पाहू. नेपोलियनने १८०८ साली आपल्या पायदळाची घडी बदलली. तेव्हापासून फ्रेंच बटालियनमध्ये कागदोपत्री सहा कंपन्या आणि प्रत्येक कंपनीत १४० माणसं, म्हणजे एकूण ८४० असत. एका बटालियनला ८४० शिपाई कोण रंगवणार? म्हणून खेळाचे नियम एक प्रमाण ठरवून देतात. टेबलावरचा एक शिपाई खऱ्या वीस माणसांच्या जागी उभा आहे असं धरलं तर बटालियन होते ४२ शिपायांची. एकाला तेहतीस धरलं तर २५, एकाला पन्नास धरलं तर १७. तिन्ही प्रमाणांनी लोक खेळत आले आहेत. पण वॉटर्लूला एकट्या नेपोलियनकडे सुमारे ७३,००० माणसं होती. एकास वीसने तेही ३,६५० शिपाई होतात, आणि ही फक्त एक बाजू झाली. एवढं सैन्य बाळगणारे क्लब जगात आहेत, पण घरच्या टेबलावर या वाटेने जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती एकदा समजली की पुढचं सगळं सोपं जातं. शिपायाची उंची आणि जमिनीचं अंतर ही दोन वेगवेगळी मापं आहेत. दिवाळीतला किल्ला आठवा. आम्ही लहानपणी सावंतवाडीला मामाकडे तो करायचो. मातीचा मावळा दरवाजापाशी उभा केला की दरवाजा त्याच्या कमरेला लागायचा, आणि सिंहासनावरचे महाराज तर बुरुजाहून उंच. तरी कुणाला ते खटकत नसे, कारण मावळ्याचं माप हातात धरून बघण्यासाठी होतं आणि किल्ल्याचं माप अंगणात मावण्यासाठी. वॉरगेमिंगमध्ये तेच घडतं, फक्त ते मोजून केलेलं असतं.

सर्वांत जास्त चालणारा शिपाई २८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ढोबळमानाने खऱ्या माणसाच्या साठाव्या भागाएवढा. आता ती ८४० जणांची बटालियन तीन रांगांत उभी केली तर एका रांगेत २८० माणसं येतात. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जागा लागते, म्हणजे रांगेची लांबी भरते दीडशे मीटरच्या आसपास. टेबलावर आपले ४२ शिपाई दोन रांगांत, प्रत्येकाला १५ मिलिमीटर जागा देऊन उभे केले की रांग होते ३१५ मिलिमीटरची. म्हणजे जमीन पाचशेपट लहान झाली आणि माणूस साठपटच. या टेबलावर माणसाच्या मापाचं एक घर ठेवलं तर ते जमिनीच्या मापाने ऐंशी मीटर अडवतं. ते घर एक घर नसतं, गावातली आख्खी वाडी असते. हे मनाने मान्य केलं की "खऱ्याइतकं" हा शब्द आपोआप गळून पडतो. शिपाई किती हा इतिहासाचा प्रश्न उरत नाही. तो डोळ्यांना तुकडी भरलेली वाटते का, एवढ्यावर येतो.

शिपायांशिवायही युद्ध खेळता येतं, याचा जुना पुरावा आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा क्रीगस्पील हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला गेला. त्यात १:८००० मापाचा नकाशा होता आणि त्यावर सरकवायचे आयताकृती ठोकळे. एक ठोकळा म्हणजे एक तुकडी. डावपेचांना माणसांच्या आकृत्या लागत नाहीत, लागतात त्या आपल्या डोळ्यांना. मी आकृत्यांवर जीव टाकणारा माणूस आहे, रंगकामासाठीच या छंदात आलो. तरीही हे आधी सांगतो, कारण त्यातून मोजायची खरी वस्तू हाती येते. मोजायच्या तुकड्या. शिपाई नंतर.

तुकड्या किती, हे टेबल सांगतं. घरातलं जेवणाचं टेबल आणि त्यावर एक प्लायवूडची फळी मिळून सहा फूट बाय चार फूट जागा होते. म्हणजे रुंदी साधारण १८० सेंटिमीटर. दोन्ही कडांना तीस-तीस सेंटिमीटर मोकळे सोडा, नाहीतर घोडदळाला बगलेवरून फिरायला जागा राहत नाही. उरले १२०. चोवीस शिपायांची तुकडी दोन रांगांत उभी केली की १८ सेंटिमीटर घेते, शेजारची फट धरून वीस. म्हणजे आघाडीला सहा तुकड्या. मागे राखीव तीन. एकूण नऊ, म्हणजे २१६ शिपाई, आणि हा त्या टेबलाचा कडेलोट आहे. त्याहून जास्त मांडले तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी वळवण्यासारखं होतं. दोन्ही सैन्यं एकमेकांसमोर भिंतीसारखी उभी राहतात आणि फासे टाकण्यापलीकडे काही ठरवायला उरत नाही. डावपेच रिकाम्या जागेत असतात. मला स्वतःला एका खेळाडूच्या हाती सहा ते आठ तुकड्या असलेला खेळ सर्वांत आवडतो. चारपेक्षा कमी असतील तर पर्याय संपतात, बारापेक्षा जास्त असतील तर संध्याकाळी सुरू केलेला डाव रात्रीच्या जेवणापर्यंत अर्धाही होत नाही.

मग प्रत्येक तुकडीत किती? हे तुम्ही निवडलेले नियम ठरवतात, आणि नियमांमधला फरक प्रचंड आहे. १९९० साली आलेल्या डीबीए या प्राचीन युद्धांच्या खेळात प्रत्येक सैन्य बरोबर बारा पट्ट्यांचं असतं. गच्च उभ्या पायदळाच्या पट्टीवर चार शिपाई, घोडदळाच्या पट्टीवर तीन, हलक्या घोडेस्वारांच्या पट्टीवर दोन, हत्ती असेल तर एकच. म्हणजे चाळीसच्या आसपास शिपायांत सैन्य पूर्ण, आणि १५ मिलिमीटरचे शिपाई घेतले तर दोन फूट चौरस टेबल पुरतं. सागा नावाच्या खेळात गुण मोजतात. एका गुणात चार कसलेले लढवय्ये, किंवा आठ साधे योद्धे, किंवा बारा गावकरी. सहा गुणांची टोळी करताना दोन गुण कसलेल्यांवर, तीन साध्यांवर आणि एक गावकऱ्यांवर घातला तर आठ, चोवीस आणि बारा, वर एक सरदार, मिळून ४५ होतात. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये जादूगार, त्याचा शागीर्द आणि आठ साथीदार एवढ्या दहा जणांत मोहीम चालते.

वॉरहॅमर ४०,००० बद्दल मुलं हमखास विचारतात, कारण दुकानांत आणि व्हिडिओंत तेच जास्त दिसतं. तिथे नेहमीचा मोठा डाव २,००० गुणांचा असतो. पण २,००० गुण म्हणजे किती शिपाई, याचं एक उत्तर नाही. अवाढव्य यंत्रयोद्ध्यांचं सैन्य निवडलं तर बोटांवर मोजण्याइतकी मिनिएचर पुरतात, आणि झुंडीने लढणाऱ्या ऑर्कचं निवडलं तर शंभरावर जातात. शिवाय हा खेळ काढणारी कंपनी हे गुण वर्षातून अनेकदा बदलते. आज नेमके २,००० भरतील असं मोजून घेतलेलं सैन्य सहा महिन्यांनी कमी तरी पडतं किंवा सांडतं तरी. म्हणून त्या खेळात शिरणाऱ्याने ५०० किंवा १,००० गुणांवर वर्षभर खेळावं असं मला वाटतं. तुम्हाला कोणत्या तुकड्या हाताळायला आवडतात ते तेवढ्यात कळतं, आणि मग भर घालता येते.

इथवरचं सगळं कुठेही राहणाऱ्याला लागू आहे. आता गोव्याचं सांगतो, कारण माझा आकडा शेवटी इथल्या दोन गोष्टींनी ठरवला.

पहिली गोष्ट म्हणजे प्रतिस्पर्धी. मोठ्या शहरातला खेळाडू आपलं एक सैन्य पेटीत घालून क्लबात जातो आणि समोर दुसरं कुणाचं तरी सैन्य तयार असतं. आपल्याकडे तसं नाही. फोंडा, पणजी, म्हापसा, मडगाव मिळून मला माहीत असलेले खेळाडू एका रिक्षेत बसतील एवढे. माझ्याशी खेळणारे बहुतेकजण पाहुणे असतात. कधी भाचा, कधी शेजारचे सर, कधी बायकोचा भाऊ. त्यांच्याकडे सैन्य नसतं आणि असावं अशी अपेक्षाही करता येत नाही. म्हणून दोन्ही बाजू मलाच उभ्या कराव्या लागतात. हे उमजायला मला फार उशीर झाला. पहिली काही वर्षं मी एकाच बाजूचं सैन्य वाढवत राहिलो. सुरेख रंगवलेलं ते सैन्य कपाटात उभं होतं आणि लढायला समोर कुणी नव्हतं. तेव्हापासून मी कुणालाही सैन्याचा आकडा सांगत नाही, लढाईचा सांगतो. लढाई म्हणजे दोन्ही बाजू. दोन्ही मिळून तुमच्या आवाक्यात काय बसतं ते आधी ठरवा आणि मग त्याचे दोन भाग करा. २१६ चं एक सैन्य वर्षानुवर्षं जमवण्यापेक्षा ४८-४८ ची दोन बरी, कारण दुसऱ्या वर्षाअखेर तुम्ही खेळत असता.

दुसरी गोष्ट पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. शिपायावर रंग धरावा म्हणून आधी प्रायमरचा फवारा मारतात आणि रंग टिकावा म्हणून शेवटी मॅट वॉर्निशचा. हवेत ओल भरलेली असताना हे दोन्ही फवारे दगा देतात. प्रायमर खरखरीत बसतो आणि वॉर्निशवर दुधासारखी पांढरी साय धरते. एका जुलैत तीन दिवस ऊन पडलं म्हणून मी घाई केली. फ्रेंच बटालियनचे पूर्ण ४२ शिपाई गच्चीवर मांडून वॉर्निश मारलं. संध्याकाळी पाहिलं तर निळे कोट राखाडी झाले होते. चार महिन्यांची मेहनत होती ती, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पुढे कोरड्या हवेत ब्रशने चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिल्यावर बहुतेकांचे रंग परत आले, पण सात-आठ जण अजून धुकट आहेत. असं तुमच्या बाबतीत झालं तर लगेच रंग खरवडू नका, आधी हा उपाय एका शिपायावर करून पाहा.

आता हिशेब मांडा. एक २८ मिलिमीटरचा शिपाई घासून, जोडून, रंगवून, तळावर माती-गवत लावून पुरा करायला मला दोन तास लागतात. नोकरी, घर, रविवारचा बाजार सांभाळून आठवड्याला तीन तास मिळतात. म्हणजे आठवड्याला दीड शिपाई. ऑक्टोबर ते मे मिळून साधारण पस्तीस आठवडे होतात, त्यातून शिगमो, लग्नसराई वगळली तर वर्षाला पन्नासच्या जरा खाली. पावसाळ्यात मी साच्याच्या रेघा घासतो, भाग चिकटवतो आणि ब्रशने लावायचा प्रायमर वापरून थोडंफार पुढे सरकतो, पण चवथीच्या दिवसांत कामाला हातही लागत नाही. त्यामुळे माझ्यापुरता आकडा वर्षाला ५०. तुमचा वेगळा असेल. तो काढण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे. पाच शिपाई घ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरे करा आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा. व्हिडिओत दिसणारा वेग आपल्या हाताचा नसतो.

या आकड्याचा खरेदीशी थेट संबंध आहे. एका वर्षात रंगवून होतील त्यापेक्षा जास्त शिपाई मी आता घरात आणत नाही. हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, कारण बाहेरून मागवताना एकदाच मोठी खेप मागवावी असा मोह होतो. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर गेलं, तेव्हा पार्सलचा खर्च पाहून पुष्कळांनी हात आखडता घेतला. दर बदलत असतात, तेव्हा मागवण्याआधी त्या वेळचा दर जरूर बघा. थ्रीडी प्रिंटिंगने उलटा प्रश्न आणला. रेझिनचा प्रिंटर घरी असला की रातोरात दहा शिपाई तयार होतात, पण रंगवणारा हात तोच एक असतो. न रंगवलेला ढीग वाढत गेला की त्याच्याकडे बघवत नाही, आणि मग माणूस ब्रश धरायचंच सोडतो. असे दोन मित्र मी गमावले आहेत. म्हणजे ते आहेत, पण टेबलावर येत नाहीत.

साठवणीचा विचारही थोडा करावा. समुद्राकडच्या हवेत लोखंडी पत्रा आणि लोहचुंबक गंजतात, फोमच्या पेट्यांना बुरशी धरते. जुने शिसं मिसळलेले शिपाई लाकडाच्या बंद कपाटात ठेवले तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी चढू शकते. हवाबंद प्लास्टिकचे डबे आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. पण असे डबे किती मावतील हेही मोजावं लागतं. मला तर आणखी एक मर्यादा आहे. पणजीला मित्राकडे खेळायला जाताना मी कदंबच्या बसने जातो. डबा मांडीवर घ्यायचा. मांडीवर मावतो तो डबा शंभर शिपायांचा.

हे सगळं जुळवून मी माझी लढाई निवडली. विषय घरचाच आहे. १६८३ साली गोव्याचा पोर्तुगीज विजरई काउंट ऑफ आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजी महाराज स्वतः मदतीला धावून आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. मी ज्या गावात राहतो तिथली ही गोष्ट. सगळा वेढा टेबलावर आणायचा नाही हे मी आधीच ठरवलं. त्या धामधुमीतल्या छोट्या चकमकी खेळायच्या. कुठे दारूगोळ्याची वाहतूक अडवायची, कुठे ओढ्याचा उतार राखायचा. नियमही तसेच घेतले, पायदळाची तुकडी बाराची आणि घोडदळाची सहाची. दर बाजूला पायदळाच्या तीन आणि घोडदळाच्या दोन तुकड्या, म्हणजे ३६ आणि १२, एकूण ४८. दोन्ही मिळून ९६. वर्षाला पन्नासच्या हिशेबाने दोन वर्षांचं काम. मांडीवरच्या डब्यात बसणारं. पोर्तुगीज बाजूला मी युरोपातल्या सतराव्या शतकातल्या युद्धांचे बंदूकधारी चालवून घेतो.

आणि हे ९६ सुद्धा मी एकदम मागवले नाहीत. आधी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. त्यांचा जाड कागद तुकडीच्या मापाने कापला आणि प्रत्येकावर पेनाने लिहिलं: मावळे, बारगीर, बंदूकधारी. या कागदी तुकड्या घेऊन भाच्याबरोबर चार डाव खेळलो. पहिल्याच डावात दिसलं की मी मराठ्यांना घोडदळाच्या तीन तुकड्या द्यायला निघालो होतो, आणि त्या टेबलावर तिसरीला फिरायला वावच नव्हता. सहा घोडेस्वारांचे पैसे आणि महिनाभराचं काम त्या कागदाने वाचवलं. भाच्यालाही मी हेच करायला लावलं. त्याने दर बाजूला तीनच तुकड्या ठेवल्या, कारण त्याला बारावीचं वर्ष समोर दिसत होतं. दोन्ही बाजू मिळून साठ शिपाई. त्यातले पंधरा त्याने मेअखेरपर्यंत पुरे केले, आणि एकाही शिपायाचा रंग ओघळलेला नाही.

आता तो जुव्याचं विचारतो आहे. त्याच १६८३ च्या नोव्हेंबरात मराठ्यांनी जुवे बेटावरचा कोट घेतला, तो परत मिळवायला विजरई नदी ओलांडून गेला आणि त्याला मागे रेटलं गेलं. शिपाई आमच्याकडे आहेतच. नदी निळ्या कापडाची करता येईल. होड्या किती हव्यात, त्या एका वेळी किती तुकड्या नेतील आणि ओहोटीला चिखलात उतरावं लागलं तर चालीचे किती इंच कमी धरायचे, हे मात्र ठरत नाही. सध्या चार होड्या आहेत, चारही त्याच्या ताईच्या लग्नाच्या पत्रिकेतून कापलेल्या.